मशीन नंतर बघू, आधी पाणी कुठलं ते सांगा

घरी एस्प्रेसो मशीन घ्यायचंय, कुठलं घेऊ, असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, घरात पाणी कुठलं येतं? पुण्यात ह्याचं उत्तर दर दोन चौकांनी बदलतं. पेठांत खडकवासल्याचं पाणी, बोअरच्या मानानं सुफेन. आमच्या बावधनच्या सोसायटीत पालिकेचं, बोअरचं आणि एप्रिल-मेमध्ये टँकरचं, सगळं एकाच टाकीत पडतं. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो तोच मशीनच्या बॉयलरमध्ये चढतो. फरक इतकाच की गीझरवाला हाक मारली की येतो. एस्प्रेसो मशीनचं दुखणं बघणारा माणूस शोधावा लागतो.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. दुष्फेन पाण्यातलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापवलं की त्याचं कार्बोनेट होऊन खाली बसतं, हे दर वर्षी फळ्यावर लिहिते. बॉयलरमध्ये हेच रोज सकाळी घडतं. म्हणून मशीनच्या आधी शोभेच्या माशांच्या दुकानातून पाण्याची कठीणता, म्हणजे ते किती दुष्फेन आहे, मोजायचे थेंब आणावेत. नुसत्या टीडीएस मीटरवर विसंबू नये. पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत एवढंच तो सांगतो, त्यातलं कॅल्शियम किती आणि सोडियम किती हे त्याला कळत नाही. कॉफीसाठी कठीणता साधारण 50 ते 175 पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) मधे हवी. मी खालच्या टोकाशी राहते, बॉयलर जास्त टिकतो.

मग आरओचं पाणी का नाही? कारण ते दुसऱ्या टोकाला जातं. त्यात क्षार जवळजवळ उरतच नाहीत, कॉफी पाणचट लागते, आणि काही मशीनमधल्या बॉयलरची पातळी ओळखणारी सळई पाण्यातल्या क्षारांमधून वीज वाहते ह्यावरच चालते. क्षार नाहीत तर तिला पाणी आहे हेच कळत नाही. मी आरओच्या पाण्यात थोडं नळाचं उकळून गाळलेलं पाणी मिसळते आणि थेंबांनी तपासते. उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की प्रमाण बदलतं, म्हणून तेव्हा जास्त वेळा तपासते.

पाण्याचं जमलं की ग्राइंडर, मशीन त्याच्याही मागून. हे पटवायला मला नेहमी वेळ लागतो, कारण ओट्यावर चमकतं ते मशीन. पण 18 ग्रॅम कॉफीतून 25-30 सेकंदांत 36 ग्रॅम द्रव उतरायला हवा असेल, तर तो वेग ठरतो तो दळण्याच्या बारीकपणावर. मिक्सरच्या पात्यात भुगा आणि तुकडे एकत्र पडतात, पाणी मिळेल त्या फटीतून पळतं. बर (बिया चिरडणाऱ्या दोन दातेरी चकत्या) असलेला, अगदी थोडं थोडं फिरवून बारीक-जाड करता येणारा ग्राइंडर हवा. बजेट कमी असेल तर हातानं फिरवायचा चांगला ग्राइंडर घ्या; त्याच पैशातला विजेवरचा घेऊ नका. पावसाळ्यात आमच्याकडे तीच कॉफी वेगळी उतरते. हवेतला दमटपणा बियांत शिरतो, आणि जुलैत ग्राइंडरचा आकडा सारखा हलवावा लागतो. बिया चिकमंगळूर किंवा कुर्गच्याच आणते, पुड्यावर भाजल्याची तारीख बघून.

आता मशीन. कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण 1 बारनं (बार हे दाबाचं एकक) जास्त असतो. एस्प्रेसोला 9 बार लागतात. म्हणजे मंगल कार्यालयात फुसफुसणाऱ्या नुसत्या वाफेच्या यंत्रातून ती निघणार नाही, पंप हवाच. फाएमा ह्या इटालियन कंपनीचं पंपवालं ई61 मशीन 1961 साली आलं, आणि त्या घराण्याचा 58 मिमीचा फिल्टर आजही घरगुती मशीनमध्ये चालतो. मी ते माप मुद्दाम बघून घेतलं, कारण बास्केट (हँडलमधली कॉफी भरायची भोकांची वाटी), गॅस्केट, जाळी सगळं पुढे कुठूनही मागवता येतं. खोक्यावर छापलेल्या 15 किंवा 20 बारला भुलू नका. तो पंपाचा कमाल दाब. कॉफीपर्यंत 9च्या आसपासच दाब पोचवणारी झडप आत आहे का, ते विचारा.

जागा ठरवताना मोजपट्टी घेऊन ओट्याशी उभं राहा. पाण्याची टाकी वरून काढायची असेल तर वरच्या कपाटाखाली ती उचलायला जागा हवी, आणि वाफ थेट लॅमिनेटवर जाता कामा नये, ते फुगतं. 1450 वॅटचं मशीन 230 व्होल्टला सव्वासहा अँपिअर ओढतं; मोठं सॉकेट आणि नीट अर्थिंग हवं, छोट्या पॉइंटला एक्स्टेंशन जोडून चालणार नाही. उबेला झुरळं येतात, म्हणून मागची भिंत पुसता येईल एवढी फट ठेवा.

रोजचं काम दोन मिनिटांचं आहे. कॉफी झाली की गरम पाणी सोडून जाळी धुवायची, वाफेची नळी दूध वाळायच्या आत ओल्या फडक्यानं पुसून एकदा वाफ सोडायची. चितळ्यांच्या म्हशीच्या दुधाचा फेस मला आवडतो, पण नळीवर त्याची साय फार घट्ट बसते. चोथा कढीपत्त्याच्या कुंडीत थोडा, उरलेला ओल्या कचऱ्यात. आठवड्यातून एकदा बिनभोकांची बंद बास्केट लावून मशीन धुवायच्या पावडरनं उलटी धुलाई, पण मशीनला तीनमार्गी झडप (कॉफी झाल्यावर उरलेला दाब बाहेर सोडणारी) असेल तरच.

सासूबाई कुकरची रिंग ताणून बघतात तशी मी ग्रुपची (हँडल जिथं अडकतं तो मशीनचा भाग) गॅस्केट नखानं दाबून बघते. कडक झाली की हँडलच्या कडेनं पाणी ओघळतं. नवी आणायला बोहरी आळीत जुनी सोबत न्या, व्हर्नियरनं जाडी मोजून न्या; अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी हँडल नीट बसत नाही.

थर काढायला किराणा दुकानातलं सायट्रिक अ‍ॅसिड रसायन म्हणून ठीक आहे, पण बॉयलर अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर आम्ल त्यालाही खातं. पुस्तिकेत परवानगी असेल तरच, आणि सांगितलेल्या प्रमाणातच. पाणी आधीच नीट असेल तर हा प्रसंग क्वचित येतो.

गणपतीला आम्ही राजापूरला जातो तेव्हा टाकी रिकामी करून झाकण उघडं ठेवते, ग्राइंडरमधल्या बिया काढून डब्यात भरते, आणि हँडल ग्रुपमध्ये अडकवून ठेवत नाही, नाहीतर गॅस्केट उगाच दबून राहते. परत आल्यावर पहिलं टाकीभर पाणी नुसतं सोडून द्यायचं, कॉफी त्यानंतर.