यास्नाया पोल्यानातलं काटेरी झाड

मॉस्कोचे चार दिवस मेट्रो आणि संग्रहालयांच्या रांगांत गेले. लिहायचंय ते तूला शहरातून बसने गाठलेल्या यास्नाया पोल्यानाबद्दल. टॉलस्टॉय जन्मला ते हे गाव.

त्याच्या घरात आमच्या गटाला अक्षरशः पळवलं. समोर 22,000 पुस्तकांची कपाटं आणि गाईडबाईंचं लक्ष घड्याळाकडे! फार राग आला. इतक्या लांबून आलेल्या माणसाला पाच मिनिटं तरी उभं राहू द्यावं.

शेवटी गट सोडून मी एकटीच कुंपणाकडेने चालत निघाले. तिथे ते दिसलं. कमरेइतकं उंच, गडद गुलाबी गोंड्यांचं, अंगभर काटे. आपल्या माळावरची उटकटारी आठवावी असं. फाटकाशी सफरचंदं विकणाऱ्या आजींना खुणेनं नाव विचारलं. "ततार्निक," त्या म्हणाल्या.

टॉलस्टॉयची 'हाजी मुराद' ही कादंबरी याच झाडापासून सुरू होते! जुलै 1896 मध्ये शेतात मोडलेलं, धुळीने काळवंडलेलं, तरीही जिवंत असं हे झाड टॉलस्टॉयला दिसलं आणि 1852 मध्ये मारला गेलेला, कॉकेशसच्या डोंगरांतल्या अवार लोकांचा, रशियाविरुद्ध लढलेला सरदार हाजी मुराद आठवला. कॉकेशसमधल्या मुसलमानांना रशियन शिपाई सरसकट 'ततार' म्हणत. 'ततार्निक' त्यावरूनच. म्हणजे काट्याला नाव परक्याचं, आणि टॉलस्टॉयला त्याच काट्यात शत्रूचं तेज दिसलं.

तरुणपणी कॉकेशसमध्ये तो ज्या रशियन फौजेत लढला, त्याच फौजेने उद्ध्वस्त केलेलं चेचेन गाव तो गावकऱ्यांच्या अंगणात उभा राहून लिहितो. जर्दाळूची झाडं जळालेली, मधमाश्यांची घरं जळालेली, पाणवठा मुद्दाम घाण केलेला. सादो नावाच्या गावकऱ्याच्या पोराच्या पाठीत संगीन. द्वेषाचा शब्दही कुणी काढत नाही. जे वाटतंय ते द्वेषाच्याही पलीकडचं. आणि सादो हे नाव टॉलस्टॉयच्या खऱ्या चेचेन 'कुनाक'चं, जिवाभावाच्या मित्राचं. जुगारात टॉलस्टॉयने केलेलं कर्ज त्याने परत जिंकून फेडलं होतं.

मी आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांवरच वाढले, त्यांच्यावर माझा जीव आहे. पण शत्रूच्या घरात पाहुणा म्हणून बसवणारं असं पान मला त्यांत आठवत नाही, आणि त्या कुंपणाशी उभं असताना ते फार लागलं.

फुलाकडे गेलेला हात मागे घेतला. कादंबरीतला निवेदक ते तोडतो आणि मग हळहळतो.

आजींकडून किलोभर सफरचंदं घेतली. झाडाकडे बोट दाखवून म्हटलं, "हाजी मुराद."

"खाजी मुरात," त्यांनी उच्चार सुधारला आणि आणखी दोन सफरचंदं पिशवीत टाकली.