पुरानंतरचा संग्रह : चौथ्या वर्षाची नोंद

आकडे आधी देतो. 22 जुलै 2021 रोजी चिपळूणच्या पुरात आमच्या घराचा तळमजला पाण्याखाली गेला, तेव्हा तेथील लोखंडी कपाटात माझ्या चित्रपटांच्या 540 तबकड्या होत्या : 118 व्हीसीडी, 347 डीव्हीडी आणि 75 ब्ल्यू-रे. त्यांपैकी 9 व्हीसीडी, 291 डीव्हीडी आणि 73 ब्ल्यू-रे अशा एकूण 373 वाचल्या. त्यानंतर 46 नव्या आल्या, त्यांतील 17 या वर्षातल्या आहेत. म्हणजे आज संग्रह 419 वर आहे आणि तो पुन्हा 540 पर्यंत न्यावा अशी इच्छा मला आता उरलेली नाही. असे का झाले, हे सांगण्यासाठीच यंदाची नोंद थोडी सविस्तर लिहीत आहे.

वरच्या आकड्यांत एक गोष्ट कोणाच्याही लक्षात येईल. व्हीसीडी जवळजवळ सगळ्या गेल्या, डीव्हीडी सहापैकी पाच वाचल्या आणि ब्ल्यू-रे दोनच गमावल्या. तिन्ही प्रकार एकाच कपाटात होते, एकाच गाळात पडले होते. फरक होता तो बांधणीचा. व्हीसीडी म्हणजे मुळात सीडीच. तिचा चकचकीत ॲल्युमिनियमचा थर छापील बाजूला असतो आणि त्यावर केवळ लाखेचा पातळ लेप व छपाईची शाई असते. आपण आयुष्यभर खालची बाजू जपत आलो, पण सीडीचा जीव वरच्या बाजूला असतो. पाण्यात राहिल्यावर तो लेप सुटला, आणि मी पहिली व्हीसीडी नळाखाली धरली तेव्हा चित्रपटाच्या नावासकट चंदेरी पापुद्रा सुटून मोरीत वाहून गेला. हातात उरली ती पारदर्शक चकती. डीव्हीडीत प्रत्येकी 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि माहितीचा थर त्यांच्यामध्ये असतो, त्यामुळे वरून आणि खालून दोन्हीकडून संरक्षण मिळते. ब्ल्यू-रेचा थर वाचण्याच्या बाजूपासून जेमतेम 0.1 मिलिमीटरवर असतो, म्हणून तिच्यावर मुद्दाम कठीण लेप दिलेला असतो. वाशिष्ठी नदीच्या गाळातली बारीक रेती त्या लेपावर फारशी चालली नाही.

धुण्याची पद्धत अनेकांनी विचारली होती, म्हणून तीही येथे नोंदवतो. गाळ ओला असतानाच स्वच्छ पाण्याच्या धारेखाली तबकडी धरावी आणि तो आपोआप निघून जाऊ द्यावा. बोट किंवा फडका अजिबात लावू नये. त्यानंतर भांडी घासायच्या द्रवाचे दोन थेंब टाकलेल्या पाण्यातून काढून, मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावे. गोल गोल पुसल्यास पडणारा ओरखडा माहितीच्या वाटेनेच लांबवर जातो आणि प्लेअरची चुका दुरुस्त करणारी यंत्रणा तेथे हात टेकते; आडवा ओरखडा ती सहज ओलांडते. त्या दिवसांत ऊन नव्हतेच. आईने पापड वाळवायची जुनी सुती पातळे काढून दिली, ती माडीवर अंथरली आणि चार दिवस आमच्या घरात पापडांच्या जागी कुरोसावा, ओझू, डी सिका आणि बर्गमन या दिग्दर्शकांचे चित्रपट वाळत पडले होते. आई दर तासाला येऊन एकेक उलटून ठेवत असे, अगदी पापडासारखीच.

पुस्तिका मात्र वाचल्या नाहीत, आणि त्यात चूक माझी होती. अभिजात चित्रपटांच्या तबकड्यांसोबत येणाऱ्या निबंधांच्या पुस्तिका बहुधा आर्ट पेपरवर छापतात. त्या कागदावरचा गुळगुळीत थर ओला झाला की गोंदासारखा वागतो. मी त्या गठ्ठ्याने बाजूला ठेवल्या, आधी तबकड्यांकडे पाहू म्हणून. तिसऱ्या दिवशी त्यांच्या विटा झाल्या होत्या. ओल्या असतानाच पानापानांत कोरा कागद घातला असता, तर निम्म्या तरी उघडल्या असत्या. एक वीट मी अजून ठेवली आहे. तिच्या कडेने पाहिले की पानांच्या रेषा मोजता येतात, वाचता मात्र काहीही येत नाही.

पहिली दोन वर्षे गेलेल्या तबकड्यांची यादी समोर ठेवून मी त्याच तबकड्या पुन्हा शोधत होतो. यंदा ती यादी बाजूला सारली. एक चित्रपट म्हणजे एक तबकडी हा हिशेबच चुकीचा आहे हे मला फार उशिरा कळले. प्रश्न असतो तो कोणती प्रत, कोणत्या मूळ फिल्मवरून काढलेली आणि कोणत्या वेगाने धावणारी, हा.

वेगाचे उदाहरण घ्या. बोलपट सेकंदाला 24 फ्रेमच्या वेगाने चित्रित होतो. पाल (PAL) या युरोपातील टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडीवर सेकंदाला 25 फ्रेम लागतात, म्हणून जुन्या युरोपीय डीव्हीडींवर चित्रपट सरसकट चार टक्क्यांनी पळवलेला असे. 207 मिनिटांचा ‘सेव्हन सामुराई’ या हिशेबाने सुमारे 199 मिनिटांत उरकतो. काहीही कापलेले नसते, पण आठ मिनिटे गेलेली असतात. आवाजही चढतो. वाचलेल्या डीव्हीडींपैकी एका जुन्या फ्रेंच चित्रपटाची तुलना मी यंदा त्याच्याच नव्या ब्ल्यू-रेशी केली आणि शेजारी पेटी घेऊन बसलो. ब्ल्यू-रेवर गायिकेचा षड्ज काळी एकवर नेमका बसला. डीव्हीडीवर तो काळी एक सोडून पांढरी दोनच्या दिशेने सरकला होता, पण तिथवर पोहोचला नव्हता. पेटीवर ज्याला जागाच नाही अशा फटीत तो होता. वीस वर्षे मी त्या बाईंना थोड्या अधिक कोवळ्या आवाजाच्या समजत होतो. ब्ल्यू-रे साधारणपणे मूळ 24 च्याच वेगाने चालते, त्यामुळे हा दोष तिथे सहसा राहत नाही. पाल डीव्हीडी बदलायच्या झाल्यास ज्यांत संगीत आणि संथ लय महत्त्वाची आहे त्या आधी बदलाव्यात, असे माझे मत झाले आहे.

मूकपटांत हा प्रश्न आणखी अवघड होतो, कारण त्या काळी वेग पक्का ठरलेलाच नव्हता. यंदाची माझी सर्वांत समाधानाची खरेदी म्हणजे कार्ल ड्रायर यांच्या 1928 च्या ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’ची ब्ल्यू-रे, जिच्यावर 20 आणि 24 अशा दोन्ही वेगांच्या प्रती आहेत. 24 च्या वेगाने चित्रपट सुमारे 81 मिनिटांचा होतो, 20 च्या वेगाने 97 मिनिटांचा. मी लागोपाठ दोन रात्री दोन्ही पाहिल्या. चौकशीच्या प्रसंगांत, जिथे चेहऱ्यामागून चेहरा अंगावर येतो, तिथे 24 चा वेग धारदार वाटतो. पण जोनची भूमिका करणाऱ्या फाल्कोनेत्तीच्या गालावरून अश्रू ओघळतो तेव्हा 20 च्या वेगात त्याला वजन येते. या दोहोंत खरा कोणता, यावर जाणकारांचे एकमत नाही, आणि दोन्ही देणारी आवृत्ती घ्यावी हे त्यावरचे सोपे उत्तर आहे. याच चित्रपटाची मूळ निगेटिव्ह आगीत गेली, ड्रायरने उरलेल्या दुसऱ्या टेकवरून (त्याच प्रसंगांच्या न वापरलेल्या चित्रणावरून) पुन्हा जुळवलेली प्रतही जळाली, आणि पहिल्या जुळणीची प्रत 1981 मध्ये सापडली ती ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयाच्या कपाटात. लोखंडी कपाटातून गाळ उपसलेल्या माणसाला या हकिगतीचे जरा जास्तच कौतुक वाटते, हे कबूल करतो.

दुसरी मोठी खरेदी सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीची. माझ्याकडे ‘पथेर पांचाली’ पूर्वी व्हीसीडीवर होता : 352 गुणिले 288 ठिपके, दोन तबकड्या, मधोमध उठून तबकडी बदलण्याची सक्ती. पावसाचा प्रसंग त्यावर चौकोनी ठोकळ्यांचा दिसे. ती व्हीसीडी पुरात गेली याचे दुःख मला नाही. 1993 साली लंडनमधील एका लॅबोरेटरीला आग लागली, त्यात या तिन्ही चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. ते जळके तुकडे टाकून न देता अमेरिकेच्या ऑस्कर अकादमीने जपून ठेवले. वीस वर्षांनी इटलीतील बोलोन्या येथील ‘लिमाजिने रित्रोवाता’ या प्रयोगशाळेत त्या ठिसूळ फिल्मला पुन्हा ओलावा देण्यात आला, वितळलेल्या चिकटपट्टीचे अवशेष हातांनी काढले गेले, तुटलेली दातेरी भोके दुरुस्त झाली. हे हातकामच हजार तासांच्या घरात गेले. ‘पथेर पांचाली’च्या निगेटिव्हचा सुमारे 40 टक्के आणि ‘अपराजितो’चा 60 टक्क्यांहून अधिक भाग वापरता आला, ‘अपूर संसार’चा मात्र नाही, उरलेले सर्व अन्यत्र जपलेल्या चांगल्या प्रतींवरून घेतले गेले. 2015 मध्ये क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीने आणलेल्या ब्ल्यू-रेवर हा सर्व खटाटोप दिसतो. ‘पथेर पांचाली’तल्या म्हाताऱ्या इंदिर ठाकरुणच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती वेगळी उमटते. निगेटिव्हवरचा भाग कुठे संपतो आणि दुसऱ्या प्रतीवरचा कुठे सुरू होतो हे शोधण्याचा मी खूप प्रयत्न केला. चित्रातल्या रव्याचा (फिल्मवरच्या बारीक कणांचा) पोत किंचित बदलतो अशी शंका दोन ठिकाणी आली, त्याहून अधिक ठामपणे काही सांगता येणार नाही.

आता रीजनची, म्हणजे तबकडी ठरावीक मुलखातल्याच प्लेअरवर चालावी म्हणून घातलेल्या कुलुपाची रडकथा, थोडक्यात. ब्ल्यू-रेच्या वाटणीत अमेरिका आणि जपान ‘ए’मध्ये आहेत, युरोप ‘बी’मध्ये आणि भारत ‘सी’मध्ये. म्हणजे उत्तम आवृत्त्या जिथे निघतात त्या दोन्ही मुलखांच्या कुलूपबंद तबकड्या आपल्याकडच्या प्लेअरवर चालत नाहीत. ‘ए’साठी न्यू जर्सीत असलेल्या भाच्याने गेल्या दिवाळीत येताना तिथला प्लेअर आणला, तो 120 व्होल्टचा असल्याने दोन किलोचा ट्रान्सफॉर्मर आता टीव्हीखाली बसून रात्रभर गुणगुणतो. ‘बी’साठी मी माझा जुना प्लेअर मुंबईतील एका दुरुस्तीवाल्याकडे सर्व रीजन खुले करण्यासाठी दिला. त्याने दोन महिने ठेवून घेतला, पूर्ण पैसे घेतले आणि केवळ डीव्हीडीचे कुलूप काढून परत पाठवला, जे काम पुष्कळ प्लेअरांवर घरबसल्या रिमोटवर आकडे दाबून होते. ब्ल्यू-रेचे कुलूप निराळे असते हे त्याला माहीत नव्हते किंवा मला माहीत नसावे असा त्याचा अंदाज होता. ब्ल्यू-रेहूनही बारीक तपशील दाखवणाऱ्या फोर-के तबकड्यांना रीजनचे बंधन नसते, म्हणून यंदाच्या 17 पैकी 3 त्या प्रकारच्या घेतल्या आहेत. पण कस्टमचा आकार आणि वाहतूक धरून किंमत अशी होते की वर्षाला तीन हीच मर्यादा बरी.

संग्रह आता माडीवर आहे. कोकणात पुराखेरीजही जूनपासून चार महिने बुरशीचे राज्य असते. ती तबकडीवर क्वचित येते, पण वेष्टनाच्या कागदावर पांढरे ठिपके उठायला आठवडा पुरतो. कपाटात आर्द्रतामापक ठेवला आहे आणि काटा 60 टक्क्यांच्या वर गेला की ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या बदलतो. निळ्या गोळ्या गुलाबी झाल्या की त्या तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळ्या करून घेतो. तवा त्यासाठी वेगळा ठेवला आहे, ही अट घरातून घातली गेली.

शेवटी त्या 9 व्हीसीडींविषयी. त्यांतील 5 जुन्या मराठी चित्रपटांच्या आहेत आणि कपाटाच्या सर्वांत वरच्या कप्प्यात होत्या म्हणूनच वाचल्या. परदेशी अभिजात चित्रपट मला पूर्वीपेक्षा चांगल्या रूपात पुन्हा विकत घेता आले, पैसे आणि धीर एवढेच लागले. या पाचांची व्हीसीडीहून चांगली प्रत मला चार वर्षांत कुठेही मिळालेली नाही. 2003 च्या जानेवारीत पुण्यात सहज पेट घेणाऱ्या जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला लागलेल्या आगीत प्रभातच्या काळातले किती मूळ साहित्य गेले, हे आठवले की त्या ठोकळेदार चित्राकडेही मी आदराने पाहतो. पाचांपैकी चार संगणकाच्या ड्राइव्हमध्ये अखेरपर्यंत वाचल्या गेल्या आणि त्यांच्या प्रती दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवल्या, एक येथे आणि एक पुण्यात बहिणीकडे. पाचवीच्या दुसऱ्या तबकडीची बाहेरची कड करंगळीच्या नखाएवढी उचकटली आहे. सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे चित्रपटाचा बहुतेक भाग मिळाला आणि शेवटची साधारण सहा मिनिटे अडकली. वेगवेगळे चार ड्राइव्ह लावून पाहिले. चौथ्याने, जो 2004 चा आहे आणि ज्याचा ट्रे हाताने ओढावा लागतो, त्यातील दोन मिनिटे आणखी वाचून दिली. उरलेल्या चार मिनिटांसाठी त्याच जातीचा आणखी एखादा जुना ड्राइव्ह मी शोधतो आहे.