सॅक्सोफोन काढल्यावर

पणजीत माझा छोटा साउंड स्टुडिओ आहे. गेल्या पावसाळ्यात कॉलेजची पोरं हार्ड डिस्क घेऊन आली. बारा मिनिटांची कृष्णधवल फिल्म, पणजीच्या जुन्या वस्तीत, फोंतेन्हासच्या गल्लीत रात्री शूट केलेली. कर्जात बुडालेला फोटोग्राफर, त्याची भाड्याची खोली, वरच्या मजल्यावर घरमालक आणि खरं नाव शेवटपर्यंत न सांगणारी एक बाई. चित्रीकरण देखणं होतं. पण पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या पाटीपर्यंत नुसता सॅक्सोफोन.

दिग्दर्शिका डिचोलीची, अभ्यासू मुलगी. म्हणाली, "सर, नॉयर म्हटल्यावर सॅक्सोफोन नको?"

नॉयर म्हणजे गुन्हा, फसवणूक आणि सावल्यांनी भरलेले जुने काळोखे चित्रपट. त्यांत सॅक्सोफोन हवाच, हा समज इतका पक्का बसलाय की आधी तोच सोडवावा लागतो. ‘डबल इंडेम्निटी’ (१९४४) ऐका, तिथे मिक्लोश रोझाचा भरगच्च वाद्यवृंद आहे. ‘द थर्ड मॅन’ला (१९४९) अंतोन कारासची एकटी झिथर, म्हणजे आडवं ठेवून वाजवायचं तंतुवाद्य. जॅझ या चित्रपटांत ठळकपणे आलं ते १९५०च्या दशकात. माइल्स डेव्हिसने १९५७च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये लुई मालच्या चित्रपटासाठी प्रसंग पडद्यावर बघत बघत ट्रम्पेट वाजवला. ओल्या रस्त्यावरचा तो एकाकी सॅक्सोफोन आपल्या कानात बसला तो बराचसा नंतरच्या, त्या काळाची आठवण काढणाऱ्या चित्रपटांमुळे.

तिने दुसरा पर्याय काढला. आजोबांकडे जुन्या तबकड्या आहेत. मुंबईच्या बँडमध्ये वाजवणारे गोंयकार, हळदोण्याचा चिक चॉकलेट वगैरे. त्यातला एखादा तुकडा वापरू. विचार सुरेख होता आणि मला मोहही झाला. पण आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, तर चालीचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. तबकडी जुनी म्हणून गाणं मोकळं झालं असं होत नाही. महोत्सवात फिल्म पाठवायची तर कागद लागतात, आणि ते मिळवायला पोरांकडे वेळ नव्हता.

मग मी संगीताचा ट्रॅक म्यूट केला आणि सगळ्यांना फिल्म तशीच बघायला लावली. खोली एकदम उघडी पडली. पंख्याची घरघर, संवादांमधली पोकळी, आणि घरमालकाच्या पावलांच्या जागी तयार आवाजांच्या लायब्ररीतून घेतलेली, काँक्रीटवर चालणारी बुटांची टकटक. फिल्ममधल्या त्या घराचा वरचा मजला लाकडी फळ्यांचा! आम्ही रेकॉर्डर उचलला आणि त्याच घरी गेलो.

पावलं रेकॉर्ड करताना पोरं माइक घेऊन वर निघाली होती. मी खाली थांबवलं. आपला फोटोग्राफर खाली बसलाय, त्याला जे ऐकू येतं तेच प्रेक्षकाला. माइक छतापासून हातभर खाली धरला आणि एका पोराला चामडी चपला घालून वर चालायला सांगितलं. टाचेचा तीक्ष्ण आवाज फळ्यांनीच खाऊन टाकला. उरला तो दबका धप्प, आणि मागोमाग फळी सावकाश कुरकुरल्याचा आवाज. खिडकीजवळची एक फळी पाऊल उचलल्यावर कुरकुरायची, ठेवताना नाही. म्हणजे माणूस थांबला की काहीच कळत नाही. तो हलला की मगच कळतं की तो इतका वेळ इथेच उभा होता. दिग्दर्शिकेने हेडफोन काढून माझ्याकडे नुसतं बघितलं. तो आवाज तिने संवादाच्या दोन ओळी कापून तिथे बसवला.

पावसाचंही तेच. पोरांनी घेतलेल्या फाइलमध्ये डांबरी रस्त्यावरून सपसप जाणारी टायरं होती. मोठ्या शहरातला पाऊस. आमच्या कौलांवरचा पाऊस जाड आणि एकसंध पडतो, पन्हळीचं पाणी गल्लीत वेगळं आपटतं, आणि मागच्या परसात बेडूक. तिन्ही थर वेगवेगळे घेतले, माइकवर थेंब पडू नयेत म्हणून वर जुना टॉवेल ताणून. बेडकांचा पुढे मोठाच उपयोग झाला. गोळीचा आवाज आम्ही लहान आणि कोरडा ठेवला, घुमणारा नाही, आणि त्याच क्षणी बेडूक बंद केले. दचकले की ते खरंच गप्प होतात. पाऊस चालू, बेडूक गप्प, आणि बऱ्याच वेळाने त्यातला एक पुन्हा सुरू. गोळीपेक्षा ती मधली जागा अंगावर येते.

संगीत मिळालं ते समोरच्या घरातून. एक मुलगी व्हायोलिनवर सप्तक घोटत होती. चर्चच्या शाळांतून व्हायोलिन आणि सोल्फेज, म्हणजे सुरांची नावं घेत गाणं, शिकवण्याची इथली परंपरा पोर्तुगीज काळापासूनची. ती एका सुराशी अडकायची, थांबायची, पुन्हा पहिल्यापासून धरायची. आम्ही तिच्या आईकडे जाऊन रीतसर विचारलं, मुलीलाही विचारलं, सही घेतली आणि त्यांच्या खिडकीतून नाही, गल्ली ओलांडून आमच्याच खोलीतून रेकॉर्ड केलं.

घरमालक टेबलावर पिस्तूल ठेवून पैसे मागतो, त्या प्रसंगाखाली हे सप्तक लावलं. भीतीदायक सूर लावले असते तर प्रेक्षक सावध झाला असता. इथे शेजारच्या घरात संध्याकाळ नेहमीसारखी चालू आहे, त्या मुलीला इकडचं काही माहीत नाही, आणि म्हणून कोणी मदतीला येणार नाही. माझ्या मते नॉयरचा गाभा हाच आहे, आणि तो ऐकवता येतो.

पहाटेसाठी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा घेतला, गल्लीच्या टोकाकडून येऊन दाराजवळून पुढे गेलेला. पडद्यावर अजून अंधारच आहे, तरी रात्र संपल्याचं कळतं.

मिक्सिंग रात्री उशिरापर्यंत चाललं. मोठ्या स्पीकरवर सगळं नीट बसलं होतं, पण फोनवर लावून पाहिलं तर फळ्यांचा धप्प गायब. लहान स्पीकर खालचे सूर उचलत नाहीत. म्हणून कुरकुर थोडी वर घेतली. शेवटच्या पाट्यांवर काय ठेवायचं यावर मात्र आमचं जमेना. मला नुसता पाऊस हवा होता, दिग्दर्शिकेला काहीच नको होतं. फिल्म तिची. पाऊस कापला आणि फाइल तिच्या डिस्कवर टाकली.