रेकॉर्डी विकायला मुंबईला: चोरबाजार, फोर्ट आणि गिरगाव

पुण्याहून जुन्या रेकॉर्डी घेऊन मुंबईला निघणार असाल तर आधी वार बघा. चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटची दुकानं शुक्रवारी बंद असतात. त्या दिवशी पहाटे रस्त्यावरच जुम्म्याचा बाजार भरतो. तो बघायला झकास आहे, पण पेटी उघडून एकेक तबकडी दाखवायला तिथे ना जागा, ना कुणाला सवड. शनिवार-रविवारी दुकानदार गिऱ्हाइकांत गुंतलेला असतो आणि तुमचा माल घेण्यात त्याला गोडी नसते. आठवड्याच्या मधला वार बरा. मी बुधवार धरला.

माल माझ्या मामांचा. मामांना दोनच नाद होते, हिंदी सिनेमाची गाणी आणि हसवणाऱ्या रेकॉर्डी. पु. लं.च्या एलपी (मोठ्या तबकड्या), वगनाट्यं, ग्रामीण कथाकथन, आणि अर्थातच 'शोले'चे संवाद. मामींना घर रिकामं करायचं होतं. "तुला ठेवायच्या तेवढ्या ठेव, बाकीच्यांचं बघ बाबा," एवढंच त्या म्हणाल्या.

एका एलपीचं कव्हरासकट वजन साधारण पावशेर धरा, म्हणजे चाळीस एलपी दहा किलो. एका हाताला तेवढंच पुरे. पेटीत त्या उभ्या आणि दाटून ठेवायच्या. आडव्या रचल्या तर खालच्यांवर भार येतो आणि त्या वाकतात. सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन घेतलीत तर साडेदहाच्या आत सीएसएमटीला उतरता. तिथून टॅक्सीने भेंडीबाजार, म्हणजेच चोरबाजाराचा भाग, जवळ आहे. डब्यात पेटी उन्हाच्या खिडकीशी ठेवू नका. मोटारीने जाणार असाल तर बंद गाडीत पेटी तापू देऊ नका, वाकलेल्या रेकॉर्डीला कुणी विचारत नाही. जुन्या ७८ आरपीएमच्या लाखेच्या तबकड्या या फेरीत नेऊच नयेत. त्या धक्क्याने फुटतात, आणि त्यांचं गिऱ्हाईकही वेगळं असतं.

निघण्यापूर्वी रेकॉर्डी धुऊन घ्याव्यात का? धूळ झटका, बुरशी असेल तर डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापडाने गोल फिरवत पुसा, लेबल कोरडं राहू द्या. लाखेच्या तबकडीला स्पिरिट चुकूनही लावू नका, लाख विरघळते. कव्हरवरचे जुने स्टिकर ओढून काढायच्या भानगडीत पडू नये, खालचा छापील कागदही त्यासोबत निघून येतो.

मटन स्ट्रीटवर अकराच्या सुमारास शटर वर जायला लागतात. मी आधी पेटी न उघडता दोन-तीन दुकानांत नुसता गिऱ्हाईक म्हणून फिरलो आणि माझ्याकडे होत्या तशाच रेकॉर्डींचे भाव विचारले. हे जरूर करा. चालू हिंदी एलपीचे मला चारशे-पाचशे सांगितले. त्याच जातीची माझी एलपी घेताना भाव निघाला शंभर. यात फसवणूक काही नाही. त्याला दुकानाचं भाडं आहे, आणि तुमच्या चाळीसातल्या पंचवीस वर्षानुवर्षं त्याच्याकडे पडून राहणार आहेत.

ज्या दुकानदारांशी शेवटी सौदा झाला, त्यांची बघण्याची पद्धत लक्षात ठेवण्यासारखी होती. रेकॉर्ड बाहेर काढताना अंगठा कडेवर, मधली बोटं लेबलवर, खाचांना स्पर्श नाही. मग मोबाइलची बॅटरी लावून तबकडी डोळ्यांच्या पातळीत तिरकी धरली. एवढं मलाही माहीत होतं. पण त्यानंतर त्यांनी लेबलच्या भोकाभोवती बराच वेळ पाहिलं. रेकॉर्ड चढवताना प्लेअरची मधली दांडी लेबलवर घासली की तिथे केसासारख्या बारीक रेषा उमटतात. रेषा जितक्या जास्त तितकी रेकॉर्ड जास्त वाजलेली. वरून कितीही चकचकीत असली तरी तिथे खरं कळतं. मामांच्या रेकॉर्डी एचएमव्हीच्या जुन्या फिएस्टा प्लेअरवर वाजलेल्या, त्याची सुई वजनदार. ते त्यांनी न विचारता ओळखलं.

'शोले'च्या संवादांची एलपी मी मुद्दाम वर ठेवली होती. त्यांनी ती हातातही घेतली नाही. "ये तो घर-घर में थी, भाईसाब."

१९७५ मध्ये पॉलिडोरने काढलेली ही रेकॉर्ड इतकी खपली की गणपतीच्या मांडवातसुद्धा लाऊडस्पीकरवर गब्बर गरजायचा. जी घरोघरी होती ती आज पेटी-पेटीत निघते. अगदी कोरी, कव्हरचे कोपरे शाबूत असलेली प्रत असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर नावाला भुलून तिच्यावर आशा ठेवू नका.

उलट ज्यांची मला पर्वा नव्हती त्या त्यांनी बाजूला काढल्या. सत्तरच्या दशकातले मारधाडीचे चित्रपट, गाणी सामान्य, पण मध्ये शीर्षकसंगीत किंवा नुसत्या वाद्यांचा एखादा तुकडा. हे तुकडे परदेशातले डीजे आणि संग्राहक शोधत असतात. त्यांना शब्द कळत नाहीत आणि नकोही असतात, त्यांना ठेका हवा असतो. ही ओढ नवी नाही. कल्याणजी-आनंदजींच्या असल्या संगीतावर अमेरिकेत १९९९ मध्ये एक अख्खा अल्बम निघाला. २००५ मध्ये ब्लॅक आइड पीज या अमेरिकन बँडने 'डॉन' (१९७८) आणि 'अपराध' (१९७२) मधल्या त्यांच्याच चाली एका गाण्यात वापरल्या आणि त्या गाण्याला ग्रॅमी मिळालं. पंचमच्या (आर. डी. बर्मन) एलपींना तर इथलं आणि तिथलं, दोन्हीकडचं गिऱ्हाईक. म्हणून घरी वाटणी करताना गाणी किती गाजली यावर जाऊ नका. कव्हरच्या मागची यादी वाचा. 'टायटल म्युझिक', 'इन्स्ट्रुमेंटल' असं काही दिसलं तर ती रेकॉर्ड वेगळी ठेवा आणि लॉटमध्ये, म्हणजे सगळ्या मालासोबत एकगठ्ठा, देऊ नका. पेटी एकदा "पूरा लॉट कितने में?" वर गेली की चांगल्या मालाचा भाव पडेल मालाबरोबर खाली येतो. मी गाण्यांच्या एलपी तीन ढिगांत दिल्या आणि प्रत्येक ढिगाचा वेगळा भाव ठरवला. चांगल्या ढिगाचे एकेका रेकॉर्डीमागे सहाशे आले, चालू ढिगाचे शंभर.

लेबलबद्दलही थोडं. एचएमव्ही, ओडियन, कोलंबिया, एंजल ही सगळी ग्रामोफोन कंपनीचीच, कोलकात्याच्या दमदम कारखान्यात निघालेली. एकाच चित्रपटाची पहिली आवृत्ती आणि नंतरची आवृत्ती यांत लेबलचा रंग किंवा कव्हरचा पुठ्ठा बदललेला असतो, आणि संग्राहक पहिलीला पैसे मोजतात. लेबलभोवतीच्या कोऱ्या पट्टीत कोरलेला मॅट्रिक्स नंबर टिपून ठेवा. डिस्कॉग्ज या रेकॉर्डींच्या वेबसाइटवर तो घालून बघता येतं. तिथे विक्रेत्यांनी मागितलेला भाव बघू नका, आधी झालेल्या विक्रीचा कमीत कमी, मधला आणि जास्तीत जास्त आकडा दिलेला असतो तो बघा. त्यातही आपल्या प्रतीची अवस्था दोन पायऱ्या खाली धरा. हल्ली काही जुन्या सिनेमांच्या एलपी नव्याने निघतात, त्यामुळे मधल्या दर्जाच्या जुन्या प्रतींचा भाव बसला आहे.

फोर्टात फारसं काही झालं नाही. फ्लोरा फाउंटनच्या आसपास फुटपाथवर रेकॉर्डी विकणारे आहेत, माणसं जाणकार, पण जागा चटईएवढी. तिथे पाच-सहा निवडक एलपी घेऊन जावं, पेटी घेऊन जाऊ नये. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे रेकॉर्डींचं जुनं दुकान २०१६ मध्ये बंद झालं, तेव्हा कुणी तिकडे पाठवलं तर जाऊ नका.

आता हसवणाऱ्या रेकॉर्डी. चोरबाजारात त्यांना एकेकीचे चाळीस रुपये सांगितले, तेही मेहेरबानी म्हणून. कारण उघड आहे. गाण्याला भाषा लागत नाही, विनोदाला लागते. मराठी विनोदाचं गिऱ्हाईक मराठीच असणार, आणि त्यातल्या बहुतेकांना तेच यूट्यूबवर फुकट ऐकायला मिळतं. उरतो तो फक्त संग्राहक, तोही ज्याच्याकडे ही विशिष्ट एलपी नाही असा. त्याला बाजारात शोधून उपयोग नाही, ओळखीतून शोधावा लागतो. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था आहे. अशा मंडळींशी संबंध असलेलं कुणी ना कुणी नाट्यसंगीताच्या किंवा जुन्या गाण्यांच्या बैठकीत भेटतं. मला असाच गिरगावातल्या एका निवृत्त काकांचा पत्ता मिळाला. फोन करून, यादी आधी पाठवून, वेळ ठरवून गेलो. या लोकांकडे न सांगता जाऊ नये.

चाळीतली दोन खोल्यांची जागा, भिंतभर रेकॉर्डी. काकांनी उजेडात बघायची तसदी घेतली नाही. सरळ प्लेअरवर लावली. पहिलं मिनिट ऐकलं, मग सुई उचलून पार आतल्या खाचांवर ठेवली, कारण झीज आधी तिथे ऐकू येते. "गाण्यात खरखर झाकली जाते हो, बोलण्यात नाही झाकत," म्हणाले. आणि खरंच, पु. लं. वाक्य संपवून थांबतात, लोक हसायच्या आधीचा तो पाव सेकंद, आणि नेमकी तिथे 'टक्'. सगळा विनोद गेला. संवादाच्या रेकॉर्डीला म्हणूनच अवस्थेचा निकष गाण्यापेक्षा कडक लावतात. व्हीजी प्लस (व्हेरी गुड प्लस, म्हणजे थोड्याच खुणा असलेली) म्हणून गाण्याची एलपी खपते, तीच अवस्था कथाकथनाला चालत नाही. वीसेक एलपींपैकी काकांनी जेमतेम अर्ध्या ठेवल्या. चांगल्यांचे साडेतीनशे दिले, कव्हर फाटलेल्यांचे शंभर.

एका वगनाट्याच्या कव्हरवर निळ्या शाईने लिहिलं होतं, 'चि. सौ. कां. हिस विवाहानिमित्त सप्रेम', खाली १९७३ ची तारीख. चोरबाजारात याच शाईपायी भाव पाडला होता. काकांना मात्र ती हवी होती. रेकॉर्ड त्या तारखेच्या आधीची आहे एवढं तरी त्यावरून कळतं, म्हणजे कुठली आवृत्ती ते ठरवता येतं. तेव्हा लिहिलेलं खोडू-पुसू नका, फोटो काढून आधीच दाखवा. दगाफटका नाही असं वाटलं की पुढचा सौदा सोपा होतो. निघताना त्यांनी इंदूर आणि बडोद्याच्या दोघांचे नंबर दिले. तिकडच्या मराठी घरांत पु. लं.ची रेकॉर्ड मिळणं अवघड, त्यामुळे भाव बरा येतो.

संध्याकाळी ५.१० ची डेक्कन क्वीन पकडायची तर गिरगावातून चारला निघावं. परतताना पेटी अर्धी असेल तर मधल्या मोकळ्या जागेत पुठ्ठे भरा, नाहीतर रेकॉर्डी कलतात.

उरलेल्या मी टपालाने पाठवल्या. तबकडी आतल्या कागदासकट कव्हरच्या बाहेर काढून कव्हरमागे ठेवायची. कव्हरात ठेवून पाठवली तर पार्सल आपटल्यावर तिची कड कव्हर फाडून बाहेर येते. दोन्ही बाजूंना नालीदार पुठ्ठा, एकाच्या रेषा उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे पार्सल दुमडत नाही. वर प्लॅस्टिकचा एक थर. पाठवण्यापूर्वी दोन्ही बाजू वाजवून मोबाइलवर रेकॉर्ड करून घेणाऱ्याला पाठवा, त्यातला तो 'टक्' सुद्धा. आणि एप्रिल-मे टाळा, टपालाच्या गाडीत पार्सल दिवसभर तापत राहतं. मी बडोद्याचं पार्सल दसऱ्यानंतर पाठवलं.