जुने मुतखडे टाकून देऊ नका

मुतखडा झाला की आपल्या कोल्हापुरात आधी हुलग्याचं माडगं, मग पानफुटीची पानं, मग नारळपाणी, आणि कळ सहन होईना झाली की सोनोग्राफी, हा क्रम ठरलेलाच. पण आज लिहायचंय ते दुसऱ्याच खड्यांबद्दल, मेडिकल कॉलेजच्या पॅथॉलॉजी म्युझियममध्ये कपाटाच्या खालच्या फळीवर पडून असतात ते. फॉर्मॅलिनच्या बरणीतलं हार्ट, लिव्हर बघायला पोरं गर्दी करतात पण खड्यांपाशी कोण थांबत नाही, आणि मला तर वाटतं अख्ख्या म्युझियममध्ये सगळ्यात जास्त माहिती त्या खड्यांतच आहे.

अशाच एका म्युझियममध्ये तिथल्या अटेंडंट मामांनी एक खडा काढून माझ्या हातात दिला, "धर, पर दोन्ही हातांनी धर" म्हणाले. मूत्राशयातला खडा, मधोमध कापून एक बाजू घासून गुळगुळीत केलेली. कांदा आडवा कापल्यावर दिसतात तशी एकात एक कडी, आत पिवळट गाभा, त्यावर तपकिरी थर आणि सगळ्यात बाहेर पांढरा भुसभुशीत. असा पांढरा थर बहुतेक वेळा लघवीत इन्फेक्शन झाल्यावर चढतो, म्हणजे खडा कधीपासून वाढत होता, मधे काय बदललं, नंतर जंतू शिरले, सगळं आतून बाहेर क्रमानं दिसतं. लेबलवरची शाई उडालेली, वाचता आलं ते एवढंच, मुलगा, वय ६.

सहा वर्षांच्या पोराला एवढा खडा कसा? तर किडनीतला खडा उतरून येणं वेगळं आणि मूत्राशयातच खडा तयार होणं वेगळं. हा दुसरा प्रकार पूर्वी गरिबांच्या पोरांचा आजार होता. आईचं दूध लवकर तोडायचं, मग नुसती पेज नाहीतर भाकरी, दूध नाही, अंडं नाही, वर पाणी कमी पोटात जायचं आणि जुलाब. आहारात फॉस्फरस कमी पडला की लघवीत अमोनिया वाढतो आणि अमोनियम युरेट नावाच्या क्षाराचा खडा धरतो. पंजाब, सिंध भागात तर ही पोरं फार, आणि इंग्लंडात नॉर्फोक परगणा ह्यासाठीच ओळखला जायचा. पुढं खाणंपिणं सुधारलं तसा हा आजार बऱ्याच ठिकाणी जवळजवळ संपला. ऑपरेशननं पोरं वाचली हे खरंच, पण आजार हटवला तो दुधानं आणि पोटभर जेवणानं, हे मला फार मोठं वाटतं.

आपल्याकडं सुश्रुतानं हे आधीच बघितलं होतं. अश्मरी, म्हणजे मुतखडा, विशेष करून बालकांना होते असं त्यानं लिहिलंय, आणि ऑपरेशनची पद्धत इतकी बारीक दिलीय की वाचताना अंगावर काटा येतो. शिवणीच्या, म्हणजे अंडकोश आणि गुदद्वार यांच्या मधल्या रेषेच्या, डाव्या बाजूला जवाएवढी जागा सोडून खड्याच्या मापाचा छेद घ्यायचा, खडा फुटू द्यायचा नाही कारण चुरा जरी राहिला तरी तो परत वाढतो. आणि त्याआधी राजाची परवानगी घ्यायची, कारण नाही केलं तर मरण नक्की, केलं तर शंका. भूल नव्हती हो तेव्हा! युरोपातही १८४६ पर्यंत असंच, १६५१ साली यान द डोट नावाच्या डच लोहारानं तर स्वतःच स्वतःचा खडा कापून काढला आणि तो वाचला, नंतर हातात खडा धरलेलं त्याचं चित्रही काढलं गेलं. त्याचं नाव जगाला माहितीय, आपल्या म्युझियममधल्या खड्याच्या त्या पोराचं नाही.

आणि हे खडे एकदा गेले की गेले. १९०१ मध्ये इजिप्तमध्ये अल अमराला एका किशोरवयीन मुलाच्या सांगाड्यात हजारो वर्षांपूर्वीचा खडा सापडला होता, माहीत असलेल्या सगळ्यात जुन्या खड्यांपैकी एक. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या म्युझियममध्ये ठेवला आणि १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाला. आता नवीन मशिनवर तपासायचा म्हटलं तर तपासणार काय? खड्याला फॉर्मॅलिन लागत नाही, कोरडा नीट ठेवला तर शेकडो वर्षं टिकतो, आणि इन्फ्रारेड किंवा एक्स-रे डिफ्रॅक्शन ह्या किरणांच्या तपासण्यांनी त्याच्या एकेका थरात काय आहे ते आजही कळतं.

आज आपल्याकडं किडनीचे खडे घरोघरी आहेत. फौंड्रीत भट्टीपुढं उभं राहणारे, उन्हात ऊस तोडणारे, दिवसभर घाम आणि पाणी कमी, लघवी घट्ट झाली की खडा धरायला वेळ लागत नाही. म्हणजे आजचे खडेही आपण कसं जगतो ते सांगतायत.

म्हणून कळकळीनं सांगतो, तुमच्या घरात कुणा जुन्या डॉक्टरांचा दवाखाना होता आणि माळ्यावर खड्यांच्या बाटल्या असतील तर भंगारात घालू नका. पेशंटचं वय, गाव, साल, तो काय काम करायचा, जे आठवतं ते कागदावर पेन्सिलनं लिहा, शाई उडते, आणि तो कागद खड्यासोबतच ठेवून जवळच्या मेडिकल कॉलेजच्या पॅथॉलॉजी विभागात विचारा. पेशंटचं नाव मात्र त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय लिहू नका.