‘त्याला कळतं सगळं, फक्त बोलत नाही’

तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाबद्दल हे वाक्य नेहमी ऐकू येतं. आईबाबा खोटं बोलत नसतात. पण घरात बऱ्याचदा शब्द न कळताही काम होऊन जातं. आई दाराशी उभी, हातात पिशवी, नजर चपलांकडे, आणि म्हणते, ‘चल, चप्पल घाल.’ मूल चप्पल घालतं. यात त्याला किती शब्द कळले? कदाचित एकही नाही. रोजचा क्रम आणि आईची नजर, एवढ्यावर काम भागलं.

म्हणून आकलन तपासताना विचारायचं ते असं: सूचनेतले किती शब्द कळल्याशिवाय काम बरोबर होणारच नाही? इंग्लंडमधल्या डर्बीशायरमध्ये तयार झालेली भाषा-उपचाराची पद्धत याच मोजणीवर उभी आहे. ज्यांच्याशिवाय काम अडतं, त्या शब्दांना सोयीसाठी आपण कळीचे शब्द म्हणू.

चटईवर बाहुली, अस्वल, वाटी आणि बशी मांडा. ‘बाहुलीला वाटी दे’ म्हटलं की ‘बाहुली’ आणि ‘वाटी’ हे दोन कळीचे शब्द. ‘दे’ मोजायचं नाही, कारण दुसरं काही करायचंच नाहीये. अस्वल उचलून ठेवलंत की तीच सूचना एका शब्दाची झाली. तीन शब्द हवे असतील तर वाटी आणि बशी दोन्ही लहान-मोठ्या आकारात ठेवा: ‘अस्वलाला मोठी बशी दे.’ इथे वाटीसोबत चमचा ठेवू नका. ‘मोठी’ ऐकल्यावर चमचा आपोआप बाद होतो, तो ‘मोठा’ असतो. आकलन कच्चं असलेल्या मुलाला ही खूण पकडता येईलच असं नाही, पण चाचणीत पळवाट नसलेली बरी.

ढोबळमानाने दोन वर्षांच्या आसपास दोन कळीचे शब्द, तिसऱ्या वर्षी तीन, चौथ्या वर्षी चार पेलायला हवेत. साडेतीन वर्षांचं मूल एकाच शब्दावर अडत असेल तर थांबून वाट बघू नये. त्याला एबीसीडी आणि वीसपर्यंत आकडे येतात, हा दिलासा इथे कामाचा नाही. ते पाठांतर आहे.

घरी रोज १०-१५ मिनिटं पुरतात. टीव्ही बंद. चित्रांपेक्षा खऱ्या वस्तू घ्या. सूचना एकदाच सांगा, हात मांडीवर ठेवा आणि मुलाच्या चेहऱ्याकडे बघा, वस्तूकडे नाही. मग मनात दहा आकडे मोजा. ही शांतता मोठ्यांना सोसत नाही. तिसऱ्या आकड्याला आजी ‘अरे दे ना, ती बघ वाटी’ म्हणते आणि सगळी मेहनत वाया जाते. दहापर्यंत काही झालं नाही तर तेच वाक्य, तेच शब्द, आणखी एकदा. तरीही नाही, तर बोट दाखवा. तेही पुरलं नाही तर त्याचा हात धरून करून घ्या आणि लगेच तीच सूचना बिनमदतीने पुन्हा द्या. दहापैकी आठ वेळा मदतीशिवाय जमलं की एक शब्द वाढवा.

चुका कशा होतात ते लिहून ठेवा. बाहुलीऐवजी अस्वलाला वाटी दिली, म्हणजे वाटी कळली, पहिला शब्द निसटला. उलटं झालं तर दुसरा. काही मुलं नुसता शेवटी ऐकलेला शब्द धरतात. काहींचा उलट शेवटचाच शब्द निसटतो, आणि मराठीत नकार शेवटी येतो. ‘हात लावू नको’मधलं ‘हात लाव’ तेवढं पोचतं आणि मूल हट्टी ठरतं. त्यापेक्षा ‘हात मागे घे’ म्हणा.

आत, वर, खाली शिकवताना फसगत हमखास होते. लहान मुलं भांडं दिसलं की वस्तू आत टाकतात, सपाट जागा दिसली की वर ठेवतात. शब्द काय होता हे बघतच नाहीत. म्हणून बुटांचा रिकामा खोका आडवा, तोंड समोर करून ठेवा आणि खाली गाडी सरकेल इतकी फट राहील असे दोन ठोकळे लावा. आता तिन्ही जागा खुल्या. आधी ‘आत’ पक्कं करा, मग ‘वर’, मग ‘खाली’. वर-खाली ही जोडी एकाच दिवशी शिकवली तर मूल कित्येक आठवडे अदलाबदल करत राहतं. शिवाय खोका, खोक्यात, खोक्यावर असं रूप बदलतं. ज्याला ‘खोका’ जेमतेम ओळखता येतो, त्याला ‘खोक्यावर’ हा नवाच शब्द वाटू शकतो. आधी खोका दाखवून तो शब्द या रूपांत ऐकवा.

प्रश्नांचंही असंच. काय, कोण, कुठे आधी. का, कसं, कधी बरंच नंतर. ‘नाव काय?’ला ‘नाव काय’ असा प्रतिध्वनी आला, किंवा ‘कुठे गेली?’ला ‘आई’ असं उत्तर आलं, तर उद्धटपणा समजू नका. प्रश्नच पोचलेला नाही. उत्तर तुम्हीच द्या: ‘कुठे गेली? बाजारात गेली.’

या सगळ्याआधी कान तपासायचे, मूल हाकेला वळत असलं तरी. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं की ऐकू येणं कमी-जास्त होत राहतं, आणि घरच्यांना वाटतं मनात असलं की ऐकतो. श्रवणचाचणीबरोबर टिम्पॅनोमेट्रीही, म्हणजे पडद्यामागे पाणी आहे का हे दाखवणारी तपासणी, करून घ्या. ती काही मिनिटांत होते आणि मुलाने उत्तर द्यावं लागत नाही.

थेरपिस्ट निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा. खाजगी फी परवडत नसेल तर अंगणवाडीताईंकडे किंवा जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली तिथे तपासणी आणि उपचार मोफत असतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही वाचा आणि श्रवण दोषांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. आणि कुणी ‘घरात फक्त इंग्रजी बोला’ असा सल्ला दिला तर मानू नका. तुम्हाला जी भाषा सहज येते, तिच्यातच बोला. थेरपिस्टकडे जाताना घरच्या सरावाचा मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ आणि चुकांची ती वही न्या. नव्या खोलीत मूल पहिल्या दिवशी काहीच करत नाही, तेव्हा तीच उपयोगी पडते.