आमची वाटचाल : गडद कागदावर पांढरी अक्षरं

मी आणि माझी जाऊ, आम्ही दोघी सांगलीत कार्डं-पत्रिका छापायचा छोटासा व्यवसाय करतो. सुरुवात घरातल्या साध्या कलर इंकजेटवर झाली, बारसं, डोहाळजेवण, वास्तुशांत अशी छोटी छोटी कार्डं. आणि पहिल्यापासून जो येईल तो हेच मागायचा की कागद मरून नाहीतर गडद हिरवा घ्या आणि त्यावर पांढऱ्यात लिहा, एकदम उठून दिसतं.

दिसतं खरंच, पण घरच्या प्रिंटरवर ते होत नाही. त्यात सायन, मॅजेन्टा, यलो, ब्लॅक एवढ्याच शाया, पांढरी नसतेच. फाईलमध्ये जिथे पांढरं आहे तिथे प्रिंटर काहीच मारत नाही, कागद आहे तसा राहतो, म्हणजे मरून कागदावर अक्षरही मरूनच. बाकीच्या शायाही पारदर्शक, खालचा कागद पांढरा असला तरच त्यांचा खरा रंग दिसतो, गडद कागदावर पिवळा रंग तर गायबच होतो. मग पांढरी शाई आणून टाकीत ओता की, असंही लोक सुचवतात. पण तिच्यात टायटॅनियम डायऑक्साइडची पूड असते, ती पाण्याच्या चौपट जड, तळाशी बसते आणि प्रिंटरच्या हेडची, म्हणजे शाई फवारणाऱ्या भागाची, बारीक छिद्रं बुजतात. म्हणून पांढऱ्या शाईच्या मोठ्या मशीनमध्ये शाई सारखी फिरवत ठेवायची सोय असते.

म्हणून मग आम्ही रिव्हर्सवर काम सुरू केलं. पांढरं कार्ड घ्यायचं, सगळा मरून रंग त्यावर मारायचा आणि अक्षरं कोरी सोडायची. थोड्या कार्डांना बरं पडतं, पण शाई खूप जाते, मागची बाजू नि कापलेली कड पांढरी दिसते, आणि शाई कागदात पसरते त्यामुळे बारीक अक्षरं बुजतात. आपल्या मराठीत तर आधी अनुस्वार जातो, मग रफार. जाऊबाई डिझाईन करतात, त्यांनी रिव्हर्ससाठी जाड फॉन्टच ठेवलेत, अनुस्वाराचा ठिपका हाताने मोठा करतात. नवऱ्या मुलाच्या आडनावावरचा अनुस्वार उडालेली पत्रिका आमच्याकडून बाहेर जाणार नाही, यावर आम्ही दोघी फार ठाम आहोत.

खरा धंदा वाढला तो स्क्रीन प्रिंटिंगने. मिरजेतल्या एका जुन्या स्क्रीनवाल्या काकांनी मनापासून शिकवलं. डिझाईन ट्रेसिंग पेपरवर गडद काळ्यात काढायचं, फ्रेमच्या जाळीवर इमल्शन, म्हणजे उजेडाने कडक होणारा लेप, लावून अंधारात वाळवायचं, वर ट्रेसिंग ठेवून उजेड द्यायचा. काळ्याखालचं इमल्शन कच्चं राहतं, पाण्याने धुतलं की तेवढीच जाळी मोकळी होते. मग पांढरी शाई दाटसर ठेवून स्क्वीजी, म्हणजे शाई ओढायची रबरी पट्टी, एका दमात ओढायची. काका म्हणायचे, "ताई, हात मधे थांबला की पट्टा दिसलाच." ही शाई कागद झाकून वर बसते, बोट फिरवलं की तिचा उठाव हाताला जाणवतो. फ्रेमचा खर्च दहा कार्डांनाही तेवढाच आणि पाचशेंनाही तेवढाच, म्हणून संख्या जास्त असली तरच परवडतं.

सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, आणि घरगुती हळद-बेदाणे विकणाऱ्या बायकांना तपकिरी क्राफ्ट पाकिटांवर पांढरी नावं हवी असतात, ते काम आम्ही स्क्रीनवरच करतो.

थोड्या नगांसाठी आता पांढऱ्या टोनरचा, म्हणजे शाईऐवजी पूड वापरणारा, लेझर प्रिंटरही घेतलाय. काळ्याच्या जागी पांढरं कार्ट्रिज बसतं, म्हणून डिझाईन काळ्यातच करायचं, बाहेर पांढरं येतं. टोनर गरम होऊन कागदावर चिकटतो, पण खडबडीत हँडमेड कागदाच्या खोलगट भागात नीट बसत नाही, आणि टोनर महाग आहे. त्यामुळे ऑर्डर घ्यायच्या आधी आम्ही कागदाचा तुकडा मागतो, त्यावर एक नाव मारून दाखवतो, पसंत पडलं की मगच भाव सांगतो.